चार पुस्तकं आणि करवतीचा आवाज

देवानं मला एकच गोष्ट सढळ हातानं दिली. गळा. रूप बेताचं, उंची बेताची, शिक्षण तर बेताच्याही अलीकडचं. पण गळा असा की शाळेत प्रार्थनेला मला पुढे उभी करायचे आणि मागच्या चाळीस मुली नुसते ओठ हलवून मोकळ्या व्हायच्या. या गळ्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर तो हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला लागला. हसू नका. दिवा कुठे लावायचा ते देव ठरवतो, आपण वात व्हायचं.

आमची घडीची खोली म्हणजे लाँड्रीतली शेवटची खोली. पलीकडे धुण्याची यंत्रं दिवसभर घरघरत असतात, पण मधलं जाड दार लावलं की इकडे बऱ्यापैकी शांत. मधोमध लांबलचक टेबल. वाळवून आलेल्या गरम चादरींच्या गाड्या आत येतात. दोघींनी समोरासमोर उभं राहून चार टोकं धरायची, एक झटका द्यायचा, घडी, उलट घडी, पुन्हा घडी, आणि दहाची चळत झाली की बाजूला. उशांचे अभ्रे वेगळे, ऑपरेशनची हिरवी कापडं वेगळी. हात चालत असतात आणि डोकं रिकामं. रिकामं डोकं म्हणजे भांडणाला आवतण. म्हणून अकरा वर्षांपूर्वी आमच्या थोरलीनं नियम घातला, एकीनं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी घड्या घालायच्या आणि वाचणारीच्या वाटणीचं काम सगळ्यांनी मिळून उचलायचं. साहेबांनी आधी कुरकुर केली. महिन्याच्या शेवटी चळती मोजल्या, तर त्या वाढलेल्या. कुरकुर जागच्या जागी मिटली.

तेव्हापासून टेबलाच्या डोक्याशी उंच स्टुलावर मी. मला सगळे रेडिओ म्हणतात. अकरा वर्षांत मी किती कादंबऱ्या वाचल्या याचा हिशोब कोणाकडे नाही. एकाही चादरीला हात लावला नाही, याचा मात्र सगळ्यांकडे आहे.

आम्ही सहाजणी. थोरली आमची मुकादम. तिला घरात कोणी काय म्हणतं ठाऊक नाही, इथे ती सगळ्यांचीच थोरली. दोघी सख्ख्या बहिणी, त्यांना जोडी म्हणतात, कारण त्या चादरीची टोकं आणि बोलण्यातली वाक्यं अर्धी अर्धी वाटून घेतात. खिडकीजवळ डाग तपासायला बसते ती करवत. बाई लाखमोलाची, पण आवाज असा की "जरा सरका" म्हणाली तरी कुठेतरी लाकूड चिरतंय असं वाटावं. आणि सहावी माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. मीच तिला इथे चिकटवली. सहा वर्षं पै पै करून तिनं पैसे साठवले आहेत ते स्वतःच्या इस्त्रीच्या दुकानासाठी. कोपऱ्यावरचा म्हातारा घड्याळवाला पुढच्या वर्षी आपलं दुकान सोडणार, आणि ते हिला देणार, असं ठरलेलं आहे. एकच शटर आहे, आत टेबल टाकलं की माणूस आडवा व्हायला जागा नाही. पण कामावर येता-जाता ती त्या शटरकडे अशी बघते, जशी आई शाळेच्या फाटकाकडे बघते.

आता शेअर बाजार आमच्या खोलीत कसा शिरला ते ऐका. तो आला कोठीवाल्या भाऊंच्या गाडीबरोबर. भाऊ रोज सकाळी चळती न्यायला येतात. येताना गाडी रिकामी असते, तोंड भरलेलं.

"माझा शेअर काल वर गेला," भाऊ सांगायचे. दुसऱ्या दिवशी, "आज जरा खाली आला." जसं काही नातवंड जिन्यावर चढ-उतार करतंय.

"भाऊ, शेअर म्हणजे नक्की..." जोडीतल्या एकीनं सुरुवात केली.

"...काय हो?" दुसरीनं शेवट केला.

"ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही आपल्या चादरी मोजा."

झालं. काडी पडली आणि थोरली पेटली. भाऊंची गाडी दाराबाहेर जायच्या आत तिनं टेबलावर हात आपटला. "आपल्याला नाही कळत? हृदयाच्या ऑपरेशनची कादंबरी ऐकून आपण तीन दिवस डॉक्टरच्या चुका काढत होतो, तेव्हा कळलं ना? रेडिओ, संध्याकाळी वाचनालयात जा. शेअर बाजार शिकायचं पुस्तक आण. पण सगळ्यांनी कान उघडे ठेवून ऐका, पुस्तक अथपासून इतिपर्यंत ऐकून झाल्याशिवाय या खोलीतली एकही बाजारात दमडी टाकणार नाही. आधी कान, मग हात."

मला तर पंख फुटले. कादंबऱ्या काय, पुष्कळ वाचल्या. पण ज्यानं माणसाचं पुढचं आयुष्य बदलेल असं पुस्तक आपल्या तोंडून वाचलं जाणार! वाचनालयातल्या बाईंनी मात्र पहिल्याच वाक्यात मला जमिनीवर आणलं. "कोणतं हवं? या कपाटात चौतीस आहेत."

"चांगलं असेल ते द्या."

"चौतीसही लेखकांना आपलंच चांगलं वाटतं," त्या म्हणाल्या. मग माझं तोंड बघून त्यांना दया आली. कार्डावर एकच पुस्तक मिळतं, पण त्यांनी चार काढून दिली. "शनिवारी तीन परत आणा, एक ठेवा. या पुस्तकांना सध्या नळाला नसेल एवढी रांग आहे."

आमच्या वाचनाच्या चालीनं एक पुस्तक संपायला तीन-चार महिने लागतात. म्हणजे निवड चुकली तर सहाजणींचे चार महिने पाण्यात.

सोमवारी चारही पुस्तकं टेबलावर मांडली. सगळ्याजणी अशा जमल्या की एखाद्या घरी बाळ बघायला आल्या असाव्यात. नावं लांबलचक होती, ती कोण लक्षात ठेवतो? आम्ही आमची नावं ठेवली. एक सोनेरी, मुखपृष्ठावर सोन्याची अक्षरं आणि मागच्या बाजूला हसरा लेखक. एक चौकडीचं, आत पानोपानी आलेख, रेघा आणि चौकोन. एक गोष्टीचं, कोणा श्रीमंत माणसानं आपलीच जीवनकथा सांगितलेली. आणि एक खाकी. कव्हर खाकी, अक्षरं बारीक, लेखकाचा फोटोसुद्धा नाही.

"याला काय तुरुंगातून आणलंस का?" नणंद खाकीकडे बघून म्हणाली.

थोरलीनं ठरवलं, प्रत्येकातली दहा पानं ऐकायची आणि मंगळवारी संध्याकाळी हात वर करून निवड. मी घसा खाकरला आणि सुरू झाले.

चौकडीचं पुस्तक दोन पानांतच बाद झालं. "वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे," मी वाचलं, आणि पाच तोंडं छताकडे वळली. "खालील रेषेवरून दिसून येते की," मी वाचलं, आणि पाच तोंडं जमिनीकडे वळली. पुस्तक वाईट नसेल, पण ते डोळ्यांचं होतं, कानांचं नव्हतं. गोष्टीचं छान चाललं. खाकी वाचताना माझाच आवाज बसला. एकेक वाक्य असं, जसं मेजरमेंट टेपनं मोजून कापलेलं. कुठे उंच जावं, कुठे थांबावं, काही सोयच नाही. मी ते भराभर उरकलं.

आणि मग सोनेरी! अहो, त्या पुस्तकात गळ्याला काय काय होतं! "तुमच्या छातीत एक सिंह झोपला आहे," मी खालच्या पट्टीत सुरुवात केली. "बाजार हे जंगल आहे. भित्र्यांना ते गिळतं आणि शूरांना ते आपलं राज्य देऊन टाकतं." इथे मी थांबले. श्वास घेतला. "उठा! डरकाळी फोडा! संपत्ती पटीपटीनं तुमच्या दाराशी येईल!" शेवटचा शब्द मी असा लांबवला की पलीकडच्या यंत्रांनीही क्षणभर दम घेतला असावा. जोडीच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन तशीच लोंबत राहिली. नणंदेच्या डोळ्यांत पाणी. मलाच माझ्या अंगावर काटा आला.

मंगळवारी संध्याकाळी सोनेरीला चार हात वर. माझा पाचवा. एकटी करवत हात खाली ठेवून बसली होती.

"तुला काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"मला कळलं नाही."

"काय कळलं नाही?"

"म्हणजे उद्या सकाळी उठून करायचं काय, ते."

सगळ्या खो खो हसल्या. जोडीतली एक म्हणाली, "डरकाळी फोडायची..." दुसरी म्हणाली, "...तुला ती आधीच येते." करवतही हसली बिचारी आणि पुन्हा आपल्या डागांकडे वळली.

बुधवारी सकाळी नणंद आली ती उडतच. पर्समधून एक कोरा फॉर्म काढून माझ्या नाकासमोर नाचवला. शेअरचं खातं उघडायचा फॉर्म.

"अगं, थोरलीनं काय सांगितलंय? पुस्तक पुरं ऐकल्याशिवाय..."

"वहिनी, दहा पानांतच कळलं की सगळं! शनिवारी अर्धी सुट्टी आहे, तेव्हा जाऊन भरते. दुकानाचे सगळे पैसे घालते. वर्षभरात दुप्पट झाले की ते एका शटरचं खुराडं कोणाला हवंय? त्याच्या शेजारचं मोठं दुकान घेऊ. दोन शटर! वाफेची इस्त्री! तुला गल्ल्यावर बसवते बघ." तिनं माझे दोन्ही हात धरले. "तू वाचत होतीस ना, तेव्हा मला वाटलं, देवच सांगतोय. तू वाचलंस की मला खरंच वाटतं गं."

काय सांगू, मला आनंदच झाला. कोणाला होणार नाही? सहा वर्षं मान खाली घालून काम करणारी पोर, तिच्या चेहऱ्यावर दिवाच लागला होता, आणि तो माझ्या गळ्यानं लावला होता. मी स्टुलावर बसले ती जरा ताठच बसले.

चहाच्या सुट्टीत भाऊ आले. नणंदेनं त्यांनाही फॉर्म दाखवला. भाऊ हसले. "रेडिओबाईंनी वाचून दाखवलं वाटतं? मग काय! गेल्या वर्षी साहेबांनी ब्लीच कमी वापरा म्हणून नोटीस काढली होती, ती यांनी वाचली, आठवतंय? जोडीतल्या एकीनं पदर डोळ्यांना लावला होता. ब्लीचसाठी रडणाऱ्या बायका मी जन्मात पाहिल्या नव्हत्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण हसता हसता चहाचा कप खाली ठेवला. कारण ते खरं होतं. ती नोटीस मी वाचली होती, आणि ती वाचताना मुद्दाम आवाजाला कंप दिला होता. सवय, दुसरं काय.

सुट्टी संपली तेव्हा मी सोनेरी उघडलं आणि सिंहाचं पान पुन्हा वाचलं, जसंच्या तसं. श्वास, थांबा, डरकाळी, सगळं. पुन्हा चादरी लोंबकळल्या. मग मी पुस्तक मिटलं आणि नणंदेला विचारलं, "बाळा, काय सांगितलं या पानात?"

"सिंहासारखं व्हायचं."

"बरं. मग शनिवारी फॉर्म भरलास. सोमवारी कोणता शेअर घेशील?"

"...चांगला."

"चांगला कसा ओळखायचा?"

तिनं जोडीकडे बघितलं. पहिली म्हणाली, "ते पुढे येईल..." दुसरीनं वाक्य पुरं केलंच नाही. अकरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मी पुढची पानं चाळली. त्यात वाघ होता, गरुड होता, एके ठिकाणी वादळही होतं. चांगला शेअर कसा ओळखायचा, ते काही सापडेना.

खिडकीजवळून करवत म्हणाली, "तेच तर मी काल विचारत होते."

मी सोनेरी मिटलं. आम्ही पुस्तक निवडलंच नव्हतं. आम्ही माझा गळा निवडला होता, आणि त्या गळ्यावर विसंबून ही पोर आपलं दुकान जंगलात सोडायला निघाली होती. देवा, तू दिलेल्या वस्तूनं मी हे काय करत होते?

मी स्टुलावरून खाली उतरले. "थोरले, ही निवड रद्द. उद्या चारही... नाही, तीन पुस्तकं पुन्हा ऐकायची. पण वाचणार मी नाही." मी खिडकीकडे बोट केलं. "ही वाचेल."

खोलीत हलकल्लोळ! "करवत?" "आमच्या कानांनी काय घोडं मारलंय?" करवत स्वतःच हात जोडून उभी राहिली. "बाई, मी अभ्यास घेते तेव्हा माझी मुलंसुद्धा कानांत बोळे घालतात."

"म्हणूनच," मी म्हणाले. "तुझ्या तोंडून जे पुस्तक तगेल, तेच खरं."

"आणि तू काय करणार?" नणंदेनं विचारलं. तिचा आवाज जरा कडकच होता. फॉर्म तिनं छातीशी धरला होता.

"मी घड्या घालणार."

त्यावर जी हसण्याची लाट आली, ती साहेबांच्या खोलीपर्यंत गेली असणार. पण थोरली हसली नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ठीक. अजून एक. ऐकताना जिला प्रश्न पडेल तिनं टेबलावर हात आपटायचा. वाचणारीनं तिथेच थांबायचं. मी आपटे मोजणार."

गुरुवारी करवत स्टुलावर बसली. आधी टेकायलाही तयार नव्हती. स्टूल काचेचं असल्यासारखी कडेवर बसली. मी टेबलाशी उभी राहिले, समोर नणंद. पहिल्याच चादरीला माझ्याकडचं टोक सुटलं आणि गरम कापड थोबाडावर आलं. "नवीन मुलगी कच्ची आहे," थोरली म्हणाली.

पहिलं सोनेरी. करवतीनं पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरलं आणि रेशनच्या दुकानात वजन सांगतात तशा आवाजात वाचलं, "तुमच्या. छातीत. एक. सिंह. झोपला. आहे."

"झोपू दे त्याला..." जोडीतली एक म्हणाली.

"...गरीब दमलाय," दुसरी म्हणाली.

"उठा. डरकाळी फोडा," करवतीनं वाचलं, आणि पान उलटायला बोट जिभेला लावलं. नणंदसुद्धा फिसकन हसली. दहा पानं होईपर्यंत हसून हसून आमच्या घड्या तिरक्या झाल्या. थोरलीनं जाहीर केलं, "आपटे शून्य."

मग गोष्टीचं. माणूस गरिबीतून वर आला, हे चांगलंच. पण थोरलीनं एकदा हात आपटला: "त्याच्याकडे मामाची गिरणी होती. आपल्याकडे कोणाचा मामा आहे?" एक आपटा.

आणि मग खाकी. आता ऐका, हं. करवतीचा आवाज तोच, रटाळ, खरखरीत. पण सोमवारी माझ्या गळ्याला जे पुस्तक बोचत होतं, ते तिच्या गळ्यात असं बसलं जशी कुलपात किल्ली. "शेअर म्हणजे एखाद्या धंद्यातला लहानसा वाटा. तो घेण्याआधी तो धंदा काय विकतो, कोणाला विकतो आणि सगळं देऊन झाल्यावर हातात काय उरतं, हे तुम्हाला साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर थांबा."

धप्! थोरली. "थांब. समज, आपली लाँड्रीच एक धंदा आहे. विकतो काय?"

"स्वच्छ चादरी," मी म्हणाले.

"धुणं विकतो," नणंद म्हणाली. "चादरी हॉस्पिटलच्या आहेत."

धप्! जोडी. "मग साबण महागला की..."

"...उरणार काय?"

"आणि गिऱ्हाईक एकच!" नणंद म्हणाली. तिच्या हातातली चादर तशीच राहिली होती. "ते गेलं की संपलं. माझ्या दुकानाला सगळी गल्ली गिऱ्हाईक आहे. म्हणजे माझं दुकान... वहिनी, माझं दुकान लाँड्रीपेक्षा बरं!"

काय तो गलका! पाच मिनिटं कोणी कोणाचं ऐकेना. जी ती हाताशी येईल त्या धंद्याचा पंचनामा करायला लागली. कोपऱ्यावरची बेकरी, औषधाचं दुकान, रिक्षाचं गॅरेज. करवतीनं शेवटी पुस्तकाची पाठ टेबलावर आपटली. "पुढे ऐका की! 'कंपनीच्या वार्षिक अहवालात पुढची पानं फोटोंची असतात. वाचायला सुरुवात शेवटच्या बारीक अक्षरातल्या टिपांपासून करा.'" ती थांबली. कोणी हात आपटला नव्हता, तीच थांबली होती. "हे तर माझंच काम," ती हळूच म्हणाली. "वरून चादर पांढरीच दिसते. डाग घडीच्या आत असतो."

इतक्या वर्षांत मी तिला कामाबद्दल असं बोलताना ऐकलं नव्हतं. ऐकणार तरी कशी, सारखी मीच वाचत होते ना!

तिनं पान उलटलं. "'जो पैसा येत्या तीन-चार वर्षांत एखाद्या ठरलेल्या कामाला लागणार आहे, तो या बाजारात आणू नका. बाजार तुमची गरज ओळखत नाही. ज्या दिवशी तुम्हाला पैसे हवे असतील, नेमका त्याच दिवशी तो खाली असू शकतो. हे मी चूक करून शिकलो. त्या पावसाळ्यात माझ्या घराचं छप्पर तसंच राहिलं.'"

धप्.

नणंदेचा हात होता.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

करवतीनं पुन्हा वाचलं. त्याच आवाजात, ना वर ना खाली. मी असते तर छपराच्या वाक्याला डोळ्यांतून पाणी काढलं असतं, आणि छप्परच लक्षात राहिलं असतं.

"पण वर्षात दुप्पट होतात ना?" नणंद माझ्याकडे वळली. गाल लाल झाले होते. "सोनेरीत होतं. तूच वाचलंस."

"कुठे होतं? काढ बरं."

तिनं सोनेरी ओढलं आणि उभ्या उभ्या चाळायला लागली. सिंह गेला, वाघ गेला, गरुड गेला. सापडलं ते एवढंच, "संपत्ती पटीपटीनं तुमच्या दाराशी येईल." किती दिवसांत ते नव्हतं. किती पटीनं तेही नव्हतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं.

"मग ते 'वर्षात' कुठून आलं?" थोरलीनं मऊ आवाजात विचारलं.

"माझ्या मनातून," नणंद म्हणाली. मग एकदम उसळली, "आणि हिच्या आवाजातून! अशी कशी वाचतेस गं तू? मी सगळं घालून बसले असते! घड्याळवाला पुढच्या वर्षी दार उघडून बसला असता आणि मी सिंहाची वाट बघत!"

"चुकलं माझं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? नणंद-भावजयीच्या भांडणात मी हे पहिल्यांदाच म्हणाले. ती मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि बघता बघता फुटलीच हसायला. माझ्या डोक्यावर एक अभ्रा अडकला होता, मघापासून, आणि कोणी सांगितलं नव्हतं.

"खाकीला किती आपटे झाले?" जोडीनं एकदमच विचारलं.

"अकरा मोजले," थोरली म्हणाली. "मग मीच आपटायला लागले आणि मोजायचं राहून गेलं."

हात वर करायची गरजच पडली नाही. पण खाकी ठरल्यावर जोडीनं एक पिल्लू सोडलं. "आता पुस्तक चांगलं आहे हे कळलं..." "...तर रेडिओनंच वाचावं. कानाला गोड."

खोटं कशाला सांगू, माझा जीव सुपाएवढा झाला. अकरा वर्षांचं स्टूल ते. मी थोरलीकडे बघितलं. थोरलीनं करवतीकडे बघितलं. करवत पुस्तक मिटून खाली उतरायच्या बेतात होती.

"नको," मीच म्हणाले. "मी वाचलं तर तुम्ही ऐकाल. तिनं वाचलं तर विचाराल."

थोरलीनं निकाल दिला. "सकाळी खाकी, करवत वाचेल. दुपारी कादंबरी, रेडिओ वाचेल. पैसा करवतीचा, रडणं रेडिओचं. आणि सकाळी रेडिओच्या वाटणीच्या घड्या रेडिओच घालेल. अकरा वर्षांचं व्याज फेडायचंय तिला."

शनिवारी मी तीन पुस्तकं परत केली. वाचनालयातल्या बाईंनी खाकीवर शिक्का मारताना भुवया उंचावल्या. "चारांतलं हे एकच दोन वर्षांत कोणी नेलं नव्हतं." मग सोनेरी हातात घेतलं आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला दिलं. त्याचे डोळे चमकत होते. सांगावंसं वाटलं, दादा, हे कोणाकडून तरी रटाळ आवाजात वाचून घ्या. पण त्याला काय कळणार!

सोमवारी सकाळी भाऊ गाडी घेऊन आले. करवत स्टुलावर, चांगली मागे रेलून. नणंदेनं त्यांना दारातच गाठलं. "भाऊ, तुमची ती कंपनी, ती विकते काय हो?"

"विकते म्हणजे..." भाऊंनी मान खाजवली. "वर जाते."

"ते झालं. पण विकते काय? आणि कोणाला?"

धप्! धप्! धप्! सगळ्यांनी मिळून टेबल बडवलं. भाऊ कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी गाडी भिंतीला लावली. "दोन मिनिटं थांबतो," म्हणाले. "कंबर धरलीय." त्या दिवशी चळती अर्धा तास उशिरा वर गेल्या.

आणि तो फॉर्म? करवत जिथे थांबली होती ते पान हरवू नये म्हणून खूण हवी होती. नणंदेनं पर्समधून फॉर्म काढला, टेबलावर ठेवला आणि अभ्र्याची घालतात तशी घडी घातली, उभी, आडवी, पुन्हा उभी, नखानं कड दाबून. खाकीत सारला.

"हे संपेपर्यंत इथेच राहू दे," ती म्हणाली. "दुकानाचे पैसे दुकानाला. पुढे इस्त्रीतून वर काही उरलं, की मग हा उघडू." मग माझ्या हातातल्या चादरीकडे बघून ओरडली, "अगं वहिनी, टोकाला टोक! पुन्हा घाल!"

मी घडी मोडली आणि पुन्हा घातली. स्टुलावरून करवतीनं घसा खाकरला, जणू फळी चिरली, आणि सगळ्यांचे हात टेबलाच्या कडेला सरसावले.